दिंडे, चिनी बाओ आणि जाम नदी

नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही चिरायचे-कापायचे नाही, तळायचे नाही आणि शेतात नांगर घालायचा नाही, ही रीत मराठी मुलखातल्या बऱ्याच जुन्या घरांना ठाऊक आहे. नागाला इजा होऊ नये हा तिच्यामागचा भाव. पण सणाचा दिवस, गोडधोड तर हवे. मग उरते काय? पाणी आणि वाफ. म्हणून आपल्या गोव्यात त्या दिवशी हळदीच्या पानात पातोळ्यो उकडतात आणि घाटावर पुरणाची दिंडे उकडतात. तांदूळ आणि नारळ आपल्याकडे, गहू आणि हरभरा त्यांच्याकडे. सारण वेगळे, पारी वेगळी, पण उपाय एकच.

आपल्यापैकी ज्यांनी दिंडे पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ घालून, पुरणयंत्रातून काढून पुरण करायचे. कणीक जराशी घट्ट भिजवायची, पुरी लाटायची, मधोमध पुरण ठेवून चारही बाजूंनी मुडपून चौकोनी पुडी करायची. चाळणीला तेलाचा हात लावून ती पंधरा-वीस मिनिटे वाफवायची आणि वर साजूक तूप सोडून खायची. पुरणपोळीचेच साहित्य, पण तव्याचा संबंध नाही. नागपूर-वऱ्हाडाकडे याच दिवशी कणकेचे कानोलेही वाफवतात.

आता एका चिनी पदार्थाकडे पाहू. चीनमध्ये सारण भरून वाफवलेल्या गव्हाच्या गोळ्याला बाओ किंवा बाओझी म्हणतात. बाओ म्हणजे गुंडाळणे, पुडी. बहुतेक बाओंत मांस किंवा भाजी असते, पण गोड प्रकारही पुष्कळ आहेत. त्यांतला सर्वांत परिचित दोउशा बाओ. लाल चवळीसारखे दिसणारे एक बारीक कडधान्य शिजवून, गाळून, साखर घालून आटवतात आणि तो गोळा पिठात भरून वाफवतात. म्हणजे पुरणच की! कमळाच्या बियांचे, काळ्या तिळांचे सारणही घालतात. वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला पीच फळाच्या आकाराचे, टोकाला गुलाबी रंग दिलेले बाओ करतात, ते दीर्घायुष्याचे चिन्ह. आपल्या दिंडांत आणि त्यांच्या बाओत मुख्य फरक एवढाच की त्यांचे पीठ आंबवलेले असते, म्हणून ते पावासारखे फुगते. आपली कणीक फुगत नाही.

हे साम्य पाहिले की लगेच प्रश्न येतो, कोणाकडून कोणी घेतले? मागे एकदा आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत यावर बरीच चर्चा झाली होती. एक गट म्हणे मोदक चीनला गेला, दुसरा म्हणे मोमो इकडे आला. माझे मत असे की हा प्रश्नच जरा बाजूला ठेवावा. हे पदार्थ कोठून आले यापेक्षा कशाच्या ऐवजी आले, हे विचारले तर अधिक हाती लागते. आणि ते विचारताना मला मध्य प्रदेशातल्या दोन तालुक्यांची आठवण होते, पांढुर्णा आणि सौंसर.

नकाशात पाहा. नागपूरच्या वायव्येला आणि उत्तरेला, सातपुड्याच्या घाटाखाली हा सपाट प्रदेश पसरला आहे. छिंदवाडा शहर घाटावर, सौंसर आणि पांढुर्णा घाटाखाली. कान्हान आणि जाम या इथल्या नद्या. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर, गहू, हरभरा आणि संत्र्याच्या बागा. भोसल्यांच्या नागपूर राज्याचा हा भाग 1853 मध्ये इंग्रजांनी खालसा केला आणि 1861 मध्ये तो मध्य प्रांतात गेला. त्या काळी छिंदवाडा जिल्ह्याचे छिंदवाडा आणि सौंसर असे दोनच तालुके होते, आणि खालचा सौंसर तालुका मराठी बोलणारा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण छिंदवाडा जिल्हा अखंडपणे मध्य प्रदेशात राहिला. सरकारी कामात एकक ठरले की ठरले. तिथे एकक जिल्हा होते, तालुका नव्हे. पुढे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तरी राज्य तेच, दप्तराची भाषा हिंदीच. घरात एक भाषा आणि अर्जावर दुसरी, ही स्थिती आम्हा गोवेकरांना काही समजावून सांगायला नको.

तिथल्या पंचांगातही ही दुहेरी गंमत दिसते. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. पोळा आपल्या लेखी श्रावण अमावास्येला, आणि हिंदी वर्तमानपत्रात तोच दिवस भाद्रपद अमावास्या म्हणून छापला जातो. दिवस एक, महिने दोन! नागपंचमी मात्र शुद्ध पक्षातली, तिचे नाव दोन्हीकडे श्रावण शुक्ल पंचमीच. तवा न ठेवण्याची रीतही दोन्हीकडे आहे. माळव्यातल्या अनेक हिंदीभाषक घरांत त्या दिवशी निखाऱ्यावर बाटी भाजतात आणि डाळीबरोबर खातात. मराठी घर त्याच गव्हाचे पीठ वाफेवर ठेवते. नियम एकच, त्याची पळवाट म्हणा किंवा पालन म्हणा, दोन तऱ्हांनी केलेले.

भाजणे आणि वाफवणे हा भेद फार जुना आणि फार मोठा आहे. गहू मूळचा पश्चिम आशियातला. तो चीनला सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी पोचला, असे पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. पश्चिमेकडे गव्हाबरोबर भट्टी होती, म्हणून तिकडे रोटी आणि पाव झाले. चीनमध्ये मात्र वाफवण्याची मातीची भांडी गहू येण्याच्या कितीतरी आधीपासून होती, तळाला भोके असलेली. त्यामुळे परक्या धान्यालाही त्यांनी आपल्याच भांड्यात घातले. पुढे हान काळात जाती वाढली, पीठ मुबलक झाले आणि वाफवलेले गोळे आले. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शू शी नावाच्या कवीने पिठाच्या पदार्थांवर एक काव्य लिहिले, त्यात मांतोऊ हे नाव येते. हाच बाओचा पूर्वज. त्या काळी मांतोऊमध्ये सारण असे. नंतर सारण नसलेल्याला मांतोऊ आणि असलेल्याला बाओ अशी विभागणी बऱ्याच भागांत झाली.

या मांतोऊच्या जन्माची कथा सांगण्यासारखी आहे. इ. स. 225 मध्ये शू राज्याचा प्रधान झुगे लियांग दक्षिणेची मोहीम संपवून परतत असताना वाटेत नदीला उधाण आले. स्थानिक लोक म्हणाले, नदीच्या देवतेला माणसांची मुंडकी वाहा, मगच वाट मिळेल. प्रधानाने आणखी माणसे मारायला नकार दिला. त्याने पिठाची मुंडकी करवली, आत मांस भरले, ती नदीला वाहिली आणि सैन्य पार झाले. ही कथा शेकडो वर्षांनी, सुंग काळातल्या एका ग्रंथात नोंदवलेली आहे, त्यामुळे तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण त्या समाजाला आपल्या रोजच्या खाण्याबद्दल अशी कथा सांगावीशी वाटली, हे मला महत्त्वाचे वाटते. वाफवलेला गोळा म्हणजे मुंडक्याची बदली.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. बळीऐवजी कोहळा फोडणे आपण पाहिलेले आहे. यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू, म्हणजे पिष्टपशू, वापरावा असा आग्रह तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी धरला. गोव्यातल्या पर्तगाळी मठाची परंपरा मध्वमताची, तेव्हा हा विचार आपल्याही घराजवळचा आहे. देवाला काही द्यायचे आहे, पण कोणाला मारायचे नाही, अशी अडचण आली की माणसाचा हात पिठाच्या डब्याकडे जातो.

मांतोऊ पुढे जपानला गेला, तिथेही बदलीच झाली. 1349 च्या सुमारास लिन जिंगयिन नावाचा चिनी मनुष्य, ज्याला जपानी लोक रिन जोइन म्हणतात, एका बौद्ध भिक्षूबरोबर जपानमध्ये आला आणि नारा शहरात राहिला. भिक्षूंना मांस वर्ज्य. त्याने मांसाऐवजी कडधान्याचे गोड पुरण भरले, आणि जपानी मांजू झाला, असे परंपरा सांगते. नारा शहरात त्याचे छोटे देऊळ आहे आणि दर वर्षी 19 एप्रिलला तिथे उत्सव होतो. मिठाई करणाऱ्याचे देऊळ! मांसाच्या जागी डाळ आणि गोडवा, हा बदल कोणा राजाने केलेला नाही, स्वयंपाक करणाऱ्याने केला.

आता मोदकाकडे येतो, कारण तो राहिला तर वाचक मला सोडणार नाहीत. मोदक शब्द मुद् या धातूवरून, म्हणजे आनंद देणारा. मांतोऊ आणि मोदक यांच्या नावांचा संबंध जोडायला आधार नाही. पण मोदक चीनमार्गे जपानला गेला हे मात्र खरे. गणपती बौद्ध तंत्रमार्गाने तिकडे पोचला, जपानमध्ये त्याला कांगितेन म्हणतात, आणि त्याच्या नैवेद्याचे नाव कांगिदान, म्हणजे आनंदाचा गोळा. मोदक शब्दाचे सरळ भाषांतर. क्योतो शहरात आजही तो करतात. पुरचुंडीसारखा आकार, आत लाल कडधान्याचे पुरण, सुगंधी द्रव्ये, आणि गंमत म्हणजे तो उकडलेला नसतो, तिळाच्या तेलात तळलेला असतो. म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातल्या उकडीच्या मोदकापेक्षा तो देशावरच्या आणि विदर्भातल्या कणकेच्या तळणीच्या मोदकाला जवळचा. आपल्याला वाटते उकडीचा तोच खरा मोदक; क्योतोचा पुरावा सौंसरच्या बाजूने पडतो!

मग भारतात वाफवणे होते की नव्हते? सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू भारतभर फिरला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच ग्रंथात भारतीय स्वयंपाकाच्या भांड्यांविषयी एक शेरा आहे: यांना वाफवण्याचे भांडे ठाऊक नाही. या शेऱ्यावरून पुढे अनेकांनी निष्कर्ष काढला की वाफवणे आपल्याकडे बाहेरून आले. पण शेरा नीट वाचला पाहिजे. त्याने भांड्याची नोंद केली आहे, कृतीची नाही. आपल्याकडे खास भांडे लागतच नाही. पातेल्यात पाणी, तोंडाला फडके बांधलेले, फडक्यावर पदार्थ, वर झाकण. काम झाले. साधारण तेराव्या शतकातला मानला जाणारा रसरत्नसमुच्चय हा रसायनविद्येचा ग्रंथ याच मांडणीला स्वेदनी यंत्र म्हणतो. आपल्या आज्या ज्याला फडके म्हणत, त्याला शास्त्रकार यंत्र म्हणत, एवढाच फरक. ज्या घरात मोदकपात्र नाही तिथे ही पद्धत आजही चालते. परका पाहुणा स्वयंपाकघरात भांडे शोधतो, आणि फडके त्याच्या नजरेतून सुटते. पुष्कळदा इतिहासातही असेच होते.

आपल्या गोव्यापुरते पाहिले तर बदलीचे आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पोर्तुगीज आले, भट्टीचा पाव आला, पोदेर आला. खमीर नव्हते म्हणून माडाची सूर वापरली. दुसरीकडे त्याच सुरेने तांदळाचे पीठ आंबवून सान्नां वाफवली जाऊ लागली. धर्म बदलला त्या घरांतही हळदीचे पान राहिले. नागपंचमी गेली, पण 15 ऑगस्टच्या सायबिणीच्या फेस्ताला आणि सांजांवाला पातोळ्यो होतातच. दिवस बदलला, वाफ तीच. मकाव हे चीनच्या किनाऱ्यावरचे ठाणे 1844 पर्यंत गोव्याच्या गव्हर्नराच्या हाताखाली होते, त्यामुळे पांव आणि बाओ हे दोन शब्द एकाच राज्यकारभारात ऐकू येत असणार. ऐकायला सारखे, पण नाते नाही. एक लॅटिनमधून आलेला, दुसरा चिनी पुडी. जपानने मात्र या दोहोंचे लग्न लावले. पावाला ते पोर्तुगीजांपासून पान म्हणतात. 1874 मध्ये तोक्योच्या किमुराया या बेकरीने तांदळाच्या दारूच्या खमिराने पाव फुगवून त्यात मांजूचे पुरण भरले, तो आनपान. सुरेने पाव फुगवणाऱ्या गोवेकराला ही युक्ती नवी वाटणार नाही.

इतके सगळे सांगून झाल्यावर पुन्हा पांढुर्ण्याला जातो, कारण मूळ मुद्दा तिथे आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. नाव पाहा, अस्सल मराठी: गोटा आणि मार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा लावतात. तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकले जातात. शेवटी झेंडा चंडी मातेच्या देवळात वाहतात. एका काठचा मुलगा आणि दुसऱ्या काठची मुलगी, दोघे नदीत असताना दोन्हीकडून दगड आले आणि दोघे गेले, अशी कथा सांगतात. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात, अनेक वर्षांत माणसे मेली आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते मानले नाही. आता दवाखाने, रुग्णवाहिका, पोलीस अशी तयारी असते आणि दगड चालूच राहतात.

हिशोब करा. श्रावण शुद्ध पंचमी ते पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे सव्वीस दिवसांच्या आसपास. ज्या मराठी मुलखात पंचमीला सापालाही इजा होऊ नये म्हणून विळी उभी करत नाहीत, तवा बाजूला ठेवतात, पुरण वाफेवर शिजवतात, त्याच मुलखाच्या एका नदीत महिनाभराच्या आत माणसाच्या डोक्यावर दगड पडतो. मी हे तिथल्या लोकांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ज्यांनी आपली भाषा आणि आपले सण परराज्यात सत्तर वर्षे टिकवले, त्यांना गोव्यात बसून शहाणपण शिकवणारा मी कोण? गोटमार त्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे, आणि बाहेरून आलेली बंदी अभिमानाला आणखी घट्ट करते. चेंडू का चालले नाहीत, याचे उत्तरही मला इथेच दिसते. चेंडू कचेरीतून आले होते. कोहळा, पिष्टपशू, दिंडे, मांजू या बदल्या टिकल्या, कारण त्या पूजेच्या आतून आल्या. त्यांना पूजेइतकाच मान मिळाला. बदली दिलेली वस्तू देवाला पोचते, असा विश्वास ज्यांचा होता त्यांनीच ती दिली.

म्हणून मला वाटते की दिंडे हा काही केवळ पाककृतींच्या पुस्तकातला पदार्थ नव्हे. रीत न मोडता इजा टाळता येते, याचा तो घरातला पुरावा आहे. आजकाल नागपंचमीला गोड म्हणून दुकानातून डबा येतो, नॉनस्टिक तवा त्या दिवशीही चालतो, आणि पातोळ्यो पणजीत तयार विकत मिळतात. त्याला माझा विरोध नाही, नोकरी करणाऱ्या बाईने सगळे घरीच करावे असा हट्टही नाही. पण पदार्थ राहून कारण गेले तर मोठे नुकसान आहे. मुलांना पातोळी देताना ती वाफेवरच का केली, तेवढे एक वाक्य सांगावे. पांढुर्णा-सौंसरच्या घरांतही ते वाक्य मराठीत सांगितले जाते तोवर आशा आहे. नदीला मुंडक्याऐवजी कणीक चालते हे एकदा तरी कोणाला तरी सुचले होते. जाम नदीच्या काठावर ते सुचेल तेव्हा ते तिथल्याच एखाद्या घरातून, तिथल्याच भाषेत सुचेल.